सणाचं पुस्तक, हिशेबाची वही

फेब्रुवारी १८४४. लंडनमध्ये एका लेखकाच्या हाती प्रकाशकाकडून हिशेबाचा कागद आला. नाताळच्या तोंडावर निघालेलं त्याचं छोटेखानी पुस्तक हातोहात खपलं होतं. ६,००० प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली होती. यातून निदान हजार पौंड सुटतील, डोक्यावरची देणी फिटतील, अशी आशा धरून तो बसला होता. कागदावरचा आकडा होता अवघा २३० पौंडांचा! ती रात्र त्यानं तळमळत काढली.

लेखक होता चार्ल्स डिकन्स आणि पुस्तक होतं ‘अ ख्रिसमस कॅरल’.

१८४३ हे वर्ष डिकन्सला जडच गेलं होतं. वय ३१, नाव जगभर झालेलं. पण दर महिन्याला भागाभागानं निघणारी त्याची नवी कादंबरी ‘मार्टिन चझलविट’ वाचकांनी उचलली नव्हती. पूर्वीच्या एका कादंबरीचा खप एक लाखापर्यंत गेला होता, हिचा वीस हजारांच्या आसपास अडकला. करारातल्या एका कलमावर बोट ठेवून मानधनातून महिन्याला ५० पौंड कापण्याची भाषा प्रकाशकानं सुरू केली. घरात चार मुलं, पाचवं वाटेवर. त्यात मुलाच्या नावावर उसनवारी करणारे वडील. हेच वडील कर्जापायी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांच्या चार्ल्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवावी लागली होती. देणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षी खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचून तो हादरला होता. आधी त्यावर एक पत्रक काढण्याचं त्याच्या मनात आलं. मग त्यानं विचार बदलला. पत्रक कितीजण वाचणार? तेच दुःख वर्षअखेरीला, नाताळच्या दिवसांत, गोष्टीतून सांगितलं तर घराघरांत पोचेल. सणाला माणसाचं मनही मोकळं होतं आणि हातही सैल सुटतो, हे त्यानं अचूक ओळखलं होतं.

मात्र लिहायला हात घातला तो ऑक्टोबरमध्ये. चालू कादंबरीचे हप्ते सांभाळत, लंडनच्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री मैलोन्‌मैल पायपीट करत त्यानं सहा आठवड्यांत गोष्ट पुरी केली. प्रकाशकावर विश्वास उरला नव्हता म्हणून व्यवहार वेगळा ठरला: छपाईचा सारा खर्च डिकन्सनं सोसायचा, प्रकाशकानं विक्रीवर कमिशन घ्यायचं. नफा झाला तर आपला, या हिशेबानं त्यानं हौसेला मोल ठेवलं नाही. पुस्तक नाताळची भेट म्हणून देता यावं असं देखणं हवं! कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, कडांना सोनेरी मुलामा, जॉन लीचची चित्रं आणि त्यातली चार हातानं रंगवलेली. पुठ्ठ्याच्या आतली हिरवी पानं हाताळली की रंग बोटांना लागतो, हे ऐनवेळी ध्यानात आलं. ती बदलून पिवळी केली. एवढा थाट करूनही किंमत ठेवली पाच शिलिंग. ही किंमतही गरिबाला परवडणारी नव्हतीच. गोष्टीतल्या कारकुनाचा, बॉब क्रॅचिटचा, आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग आहे. पण पुस्तकावर झालेल्या खर्चाच्या मानानं ती फारच कमी होती.

पुस्तक बाजारात आलं १९ डिसेंबरला. नाताळला उरले होते सहा दिवस. पुढची कथा त्या हिशेबाच्या कागदानं सांगितली. कागद, बांधणी, जाहिरात, कमिशन... नुसती चित्रं रंगवण्यालाच १२० पौंड गेले होते. त्यात जानेवारीत कुणी दोन पेन्समध्ये त्याच गोष्टीची चोरटी नक्कल काढली. डिकन्सनं दावा लावला, जिंकलाही. पण प्रतिवाद्यांनी दिवाळं काढलं आणि सुमारे ७०० पौंडांचा कोर्टखर्च त्याच्याच गळ्यात पडला.

दुसरा एखादा पुन्हा नाताळच्या वाटेला गेला नसता. डिकन्सनं मात्र जूनमध्येच पुढची आखणी सुरू केली. त्यानं प्रकाशक बदलला आणि नव्यांकडून २,८०० पौंड आगाऊ घेतले. स्वस्ताईसाठी कुटुंबासह तो इटलीत जिनोव्हाला राहायला गेला. तिथं ‘द चाइम्स’ ही दुसरी नाताळकथा नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच हातावेगळी झाली. मग ऐन थंडीत प्रवास करून तो लंडनला आला. चित्रं, छपाई जातीनं पाहिली. ३ डिसेंबरला निवडक मित्रांना जमवून सगळी गोष्ट वाचून दाखवली. पुस्तक दुकानात जाण्याआधीच त्याची चर्चा सुरू झाली होती. या खेपेला पहिल्या वीस हजार प्रतींनी हजार पौंडांहून अधिक नफा दिला. गंमत अशी, की ‘कॅरल’ आज जगभर वाचली जाते, ‘चाइम्स’ फारशी कुणाला आठवतही नाही. गोष्ट पहिली सरस होती, तयारी दुसरीची.

थांबावं कधी, हेही तो शिकला. १८४७ साली ‘डॉम्बे अँड सन’ची धावपळ चालू होती. त्या वर्षी त्यानं नाताळचं पुस्तक काढलंच नाही. अर्धवट सुरू केलेली कथा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली. पुढे १८५० पासून तर त्यानं आपल्या नियतकालिकाचे खास नाताळ अंक काढले, इतर लेखकांनाही हाताशी धरलं आणि १८६७ पर्यंत हा उद्योग चालवला.

इंग्रजी नियतकालिकांच्या अशा नाताळ अंकांच्या धर्तीवरच १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक येऊन बसला. दिवाळी अंकाच्या संपादकाला विचारा, तोही सांगेल, की आकाशकंदील लागतात तेव्हा त्याचं काम संपलेलं असतं. कथेची मागणी, चित्रं, जाहिराती, कागदाचा भाव यांची जुळवाजुळव कित्येक महिने आधीची असते.

पैसा पैसा मोजणाऱ्या स्क्रूजला डिकन्सनं एका रात्रीत उदार केलं. तो चमत्कार गोष्टीत शोभून दिसला. लेखकाला स्वतःला मात्र पुढच्या नाताळसाठी जूनमध्येच वही उघडून बसावं लागलं.