नावं ठेवणे आणि नाव ठेवणे

नावं ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पण नाव ठेवायची वेळ आली की माझी गाडी 'टेम्प१', 'टेम्प२'वरच अडते. रिलीजच्या आधी बदलू म्हणायचं आणि विसरून जायचं!

वनस्पतिशास्त्रात हे चालत नाही. परवा 'सेरोपेजिया शिवरायीना'बद्दल वाचत होतो. कंदिलासारखी फुलं येणाऱ्या गोतावळ्यातली ही वनस्पती विशाळगडावर सापडली आणि २०२३ मध्ये शिवरायांच्या नावाने जाहीर झाली. असं नाव द्यायचं तर आधी जवळच्या भावंडांशी पानापाकळीची तुलना, मग लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन (२०१२ च्या आधी लॅटिनच सक्तीचं होतं, बोला!), आणि वाळवून संग्रहालयात जपलेला एक नमुना. उद्या वाद झालाच तर निकाल तो नमुना देणार. शिवाय एकदा रीतसर छापलेलं नाव केवळ आवडत नाही म्हणून खुद्द नाव देणाऱ्यालाही बदलता येत नाही. अनडू नाही!

विशाळगडावर मीही गेलोय, भर पावसात. फोटोत धुकं आहे, बुरूज आहे, भजीसुद्धा आहेत. ही नाही. तेव्हाही ती तिथेच कुठेतरी असणार, माझ्या लेखी नुसतं 'रान'. कदाचित बुटाखालीही आली असेल... पण ज्याला नाव नाही त्याचं नाव दुर्मिळांच्या यादीत कसं येणार? आणि यादीत नाही त्याच्यासाठी रस्ता कोण वळवणार?

असो. विकांत संपला. सोमवारी आधी त्या 'टेम्प२'चं बारसं करतो.