काउंटरवरचा चेहरा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला दोन चेहरे असतात. एक घरचा आणि दुसरा काउंटरवरचा. हा दुसरा चेहरा कॉमर्स कॉलेजात शिकवत नाहीत. नोकरीत कायम झाल्यावर तो आपोआप येतो. समोर गिऱ्हाईक उभे आहे, पासबुक पुढे करते आहे, खाकरते आहे, 'साहेब, ओ साहेब' म्हणते आहे; आणि आपण मात्र कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहतो आहोत. डोळे उघडे, पण दुकान बंद! बावीस वर्षांच्या सेवेत हा चेहरा मी इतका कमावला आहे, की राहात्याच्या बाजारात पेरूवालादेखील भाव सांगण्याआधी मला विचारतो, "साहेब, सर्व्हर आला का?"

तर या चेहऱ्याने माझ्याच घरात कसा घोटाळा केला, त्याची ही हकिगत.

आमचे शेंडेफळ जरा उशिरा आले. थोरला दहावीत आणि ही धाकटी साडेतीन वर्षांची. जेवणाच्या बाबतीत महाहट्टी! पूर्वी चिऊ-काऊ दाखवून घास भरवत. आमच्या वाट्याला आलेला एकुलता एक काऊ वरच्या मजल्यावर जेवायला जातो. मग एके दिवशी सौ.ने मोबाइल समोर धरला आणि वाटीभर वरणभात सात मिनिटांत संपला. शिर्डी हाकेच्या अंतरावर असल्याने आमच्याकडे चमत्काराला चटकन मान्यता मिळते. दुसऱ्या दिवसापासून मोबाइल वाटीबरोबर येऊ लागला, मग वाटीच्या आधी, आणि शेवटी वाटीशिवाय.

सहा महिन्यांत कन्येला इंग्रजीत सगळे रंग, सगळी जनावरे, एवढेच काय, डायनोसॉरची नावेही आली. पाहुणे आले की आम्ही प्रदर्शन मांडायचो. पण पाहुण्यांनी "बाळ, तुझं नाव काय?" असे विचारले की ती त्यांच्या तोंडासमोर बोट नेऊन एका बाजूला सरकवायची. नको असलेले चित्र सरकवतात ना, तसे! एकदा तिने सौ.च्या मामांना सरकवले. मामा सरकले नाहीत. चांगले चार दिवस राहिले.

आम्ही हसलो. हसण्यावारी नेण्याची कला मध्यमवर्गाला चांगली साधते. पण एक दिवस बालवर्गाच्या बाईंनी सौ.ला बाजूला घेतले. "हाक मारली तर वळत नाही हो. बाकीची मुलं खेळतात, ही भिंतीकडे तोंड करून बसते. एकदा कान तपासून घ्या."

त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही.

कान उत्तम निघाले. मग बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारले, "दिवसाकाठी किती वेळ मोबाइल बघते?" सौ. म्हणाली, "असेल तास-दीड तास." कर्जाच्या अर्जात लोक खर्चाचा आकडा सांगतात, त्याच सुरात. डॉक्टरांनी मुरलेल्या मॅनेजरप्रमाणे त्याला मनातल्या मनात तिनाने गुणले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवले आहे म्हणे, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना फार तर एक तास. त्याहून कमी तर अधिक चांगले. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२१ मध्ये दोन वर्षांपर्यंत पूर्ण बंदी सांगितली. "हाक मारून न वळणाऱ्या प्रत्येक मुलाचं कारण मोबाइलच असतो असं नाही," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने बंद करा. फरक नाही पडला तर पुढच्या तपासण्या करू. आणि हो, घरात हिच्याशी बोलतं कोण?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी आईकडे पाहिले, आईने छताकडे.

घरी येऊन मी हाताला लागेल ते वाचून काढले. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या बाईंनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ-नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसे बारा बैठका खेळली, तर बाळांना चिनी उच्चारांतला फरक कळू लागला. दुसऱ्या बाळांना तीच माणसे, तेच बोलणे टीव्हीवर दाखवले, तर शिल्लक शून्य! मला बी.कॉम.ची पहिली वही आठवली. प्रत्येक 'नावे'ला एक 'जमा' लागते. पडदा बोलतो खरा, पण बाळाने दिलेले त्याच्या खात्यात जमाच होत नाही.

दुसरा प्रयोग मात्र वर्मी लागला. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात आयांना सांगितले, की आधी बाळाशी खेळा आणि मग दोन-तीन मिनिटे चेहरा अगदी कोरा ठेवून नुसते त्याच्याकडे पाहा. बाळ हसून पाहते, हातवारे करते, ओरडते, आणि शेवटी मान फिरवते.

हे वाचताना मला दोन दिवसांपूर्वीची संध्याकाळ आठवली. धाकटी मोडकी बाहुली घेऊन माझ्यासमोर उभी होती. मी मोबाइलवर बँकेच्या मित्रमंडळींचे सुप्रभात वाचत होतो, तेही संध्याकाळी. तिने बाहुली पुढे केली. शर्ट ओढला. मी काउंटरवरचा चेहरा केला. थोडा वेळ थांबून गिऱ्हाईक पुढच्या खिडकीवर गेले. पुढच्या खिडकीवर तिच्या आईचा मोबाइल होता.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी हातात आलेला मोबाइल पोरांच्या हातून सुटेना, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठराव केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी एकमेकांशी बोलावे. म्हटले, अख्ख्या गावाला जमते, ते पाच माणसांच्या घराला का जमू नये?

भोंगा म्हणून ताट-पळी आईकडे दिली. तिने साडेसातच्या मालिकेवर पाणी सोडले, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. पहिल्या दिवशी सात वाजता ताट वाजले आणि आम्ही पाच जण मुलगी बघायला आल्यासारखे समोरासमोर बसलो. थोरल्याने विचारले, "आता काय करायचं?" कोणालाच माहीत नव्हते. धाकटी तीन दिवस ताटापेक्षा मोठ्याने रडली.

चौथ्या दिवशी आईने कोठून तरी सागरगोटे काढले. "आता माझी पाळी. आता तुझी पाळी." पंधरा दिवस एवढेच चालले. मग एकदा आम्ही बँक-बँक खेळलो. ती पाटापलीकडे साहेब, मी गिऱ्हाईक. मी वही पुढे केली. साहेब आपल्या तळहाताकडे पाहत राहिले. मी खाकरलो. साहेबांनी मान वर न करता सांगितले, "उद्या या."

तिने मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले सबंध वाक्य! सौ. हसली. मला हसता आले नाही.

तीन महिने पुरे झाले. डॉक्टरांनी पाठीमागून हाक मारली आणि ती वळली. घरी त्या दिवशी शिरा झाला. पण खरा निकाल लागला तो परवा. शेजारच्या वहिनी तणतणत आल्या. "तुमच्या मुलीनं आमच्या बाळूची बादली हिसकावली, वर 'माझी पाळी' म्हणून ओरडली, आणि त्याचे केस ओढले!"

माणसाशी भांडली! तेही नियम सांगून! सौ.ने चहा टाकला, आईने उरलेला शिरा पुढे केला. मी मोबाइल उपडा ठेवला आणि त्यांची तक्रार पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, त्यांच्या तोंडाकडे पाहत, प्रसन्न मुद्रेने ऐकली.

वहिनी बोलता बोलता थांबल्या. संशयाने माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "भाऊजी, बँकेत तर असं कधी बघत नाही तुम्ही!"