जव्हार-मोखाड्याचे कागदी देव

गेल्या फाल्गुनांत जव्हार-मोखाड्याकडे जाण्याचा योग आला. नाशिकास सारें आयुष्य गेलें, पण या मुलखांत मी कधीं पाऊल टाकलें नव्हतें. त्र्यंबकेश्वराचें दर्शन घ्यावें आणि परत फिरावें, हा आम्हां नाशिककरांचा शिरस्ता. त्र्यंबकाच्या पलीकडे घाट उतरला म्हणजे निराळेंच जग लागतें, याची आम्हांस दादहि नसते.

निमित्त झालें माझ्या नातीचें. हातकागदाचीं कार्डें करावीं, त्यांवर चित्रें काढावीं आणि तीं टपालानें मैत्रिणींस पाठवावीं, असा छंद तिला जडला आहे. बोहाड्याचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात असें तिच्या कानीं आलें आणि ते करतांना पाहावयाचे असा तिनें हट्ट धरला. त्या भागांत शिक्षक असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास मीं पत्र घातलें. त्याचें उत्तर आलें, "गुरुजी, अवश्य यावें. येतांना घरांतील जुनी रद्दी आणावी. मुखवटे करणाऱ्यास तीच मोठी दक्षिणा. मात्र कागद गुळगुळीत नसावा." माझ्या माळ्यावर अडतीस वर्षांच्या नोकरीचे कागद पडून होते. प्रश्नपत्रिका, टांचणवह्या, कोऱ्या पाठीचीं परिपत्रकें, सगळ्यांचें एक गाठोडें बांधलें आणि आम्ही आजोबा-नात एस. टी.नें निघालों.

नाशिकाहून जव्हार सुमारें ८० किलोमीटर आहे. त्र्यंबक मागें पडलें कीं तोरंगणचा घाट लागतो, मग मोखाडा आणि त्यापुढें जव्हार. फाल्गुनांत डोंगर उघडे पडलेले असतात. पण पळस पेटलेले असतात आणि मोहाच्या फुलांचा उग्र गोड वास मोटारींतहि येतो. जव्हार हें मुकणे घराण्याचें कोळी संस्थान. सुरतेच्या स्वारीवर जातांना १६६४ सालीं शिवाजीमहाराजांचा मुक्काम गांवाजवळच्या शिरपामाळावर झाला होता. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, मुलूख ठाणें जिल्ह्यांत गेला, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो नव्या पालघर जिल्ह्यांत आहे. टेकडीवरचा जयविलास राजवाडा पाहण्यास लोक येतात, पावसाळ्यांत दाभोसा धबधब्यावर गर्दी होते, आणि बहुतेक पाहुणे तेवढ्यावर परततात.

येथील वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या लोकांचें जिणें मात्र कष्टाचें आहे. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां कोठें साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष इकडे गेलें. भाताचा एक हंगाम संपला कीं कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. शिमग्याला मात्र माणूस कोठेंहि असो, घरीं येतो. त्याच सुमारास, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, गांवोगांव बोहाडा होतो.

बोहाडा म्हणजे देवादिकांच्या सोंगांची रात्रभर चालणारी मिरवणूक. संबळ-सनईच्या तालावर एकेक सोंग नाचत पुढें येतें. प्रारंभीं गणपति आणि सरस्वती, मग रामायण-महाभारतांतील वीर, राक्षस, आणि शेवटीं देवी व महिषासुर यांचें युद्ध. सोंगें बावन्न, असें म्हणण्याचा प्रघात आहे. अमुक सोंग अमक्या घराण्याचें, असा मान पिढ्यानुपिढ्या चालत येतो. मीं शाळेंत पुराणकथा जन्मभर सांगितल्या. परंतु अंधारांत टेंभ्यांच्या उजेडीं महिषासुर शिंगें हलवीत अंगावर आला, तेव्हां माझी नात माझ्या पाठीमागें लपली आणि खरें सांगावयाचें तर मीहि एक पाऊल मागें सरलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं विद्यार्थ्यानें आम्हांस जव्हारजवळच्या एका पाड्यावर मुखवटे करणाऱ्या वृद्धाकडे नेलें. पूर्वीं मुखवटे लाकडाचे असत. रात्रभर डोक्यावर वागविणें अवघड, म्हणून कागदाचा मुखवटा रुळला. त्याची कृति नातीनें वहींत लिहून घेतली ती अशी. कागद बारीक फाडून चार-पांच दिवस पाण्यांत भिजत घालावा. मऊ झाला म्हणजे कुटून लगदा करावा. त्यांत चिंचोक्यांची खळ आणि थोडी मेथीची पूड घालून कणकेसारखा मळावा; खळीनें तो धरून राहतो व मेथीनें कीड लागत नाहीं. मातीच्या साच्यावर त्याचा सारखा थर द्यावा, नाक, भिवया, ओंठ बोटांनीं उठवावे, आणि सावलींत सुकवून मग ऊन दाखवावें. एकदम उन्हांत ठेवल्यास तडा जातो. शेवटीं पांढऱ्या मातीचा हात देऊन रंग द्यावा. डोळे सर्वांत शेवटीं.

"डोळे काढले कीं मग त्याला पाय लावायचा नाहीं, गुरुजी," वृद्ध म्हणाला. "तोंवर तो कागद. मग देव."

आम्हीहि कागद फाडावयास बसलों. माझ्या हस्ताक्षरांतील टांचणें टरटरां फाटत होतीं. इतक्यांत वृद्धानें सुतळीनें बांधलेला एक लहानसा गठ्ठा माझ्यापुढें धरला. "हीं टपालाचीं कार्डें. जाड आहेत, भिजायला वेळ घेतील. टाकूं का?"

तीं माझ्या वडील बंधूंचीं पत्रें होतीं. मी अध्यापक विद्यालयांत असतांना दर आठवड्यास एक कार्ड येई. खर्चाचा हिशेब, आईची प्रकृति, आणि शेवटीं माझ्या मागील पत्रांतील शुद्धलेखनाच्या चुका. आम्हां दोघांस संस्कृत एकाच गुरुजींनीं शिकविलें. दादांचें पक्कें, माझें बेताचें. अकरा वर्षांपूर्वीं वडिलोपार्जित घराच्या वांटणीवरून शब्दास शब्द वाढला. त्यानंतर लग्नकार्यांत समोरासमोर येऊनहि आम्ही बोललों नव्हतों. कोणाचें चुकलें, याचा निवाडा येथें करीत नाहीं. माझेंहि चुकलें, एवढें लिहितों.

"नको, हीं असूं द्या," असें म्हणून गठ्ठा मीं पिशवींत ठेवला.

त्या दुपारीं नातीनें मला आपला छंद नीट समजावून दिला. कागद चीनमध्यें निघाला. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यांत आणि जुन्नरास तो हातानें होत असे. गिरणीच्या कागदापुढें हा धंदा बसला, तेव्हां वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघानें त्यास हात दिला आणि पुण्यास १९४० सालीं हातकागदाची संस्था निघाली, हें मला ठाऊक होतें. पोस्टकार्डहि जुनेंच; १८६९ सालीं तें ऑस्ट्रियांत निघालें आणि १८७९ सालीं पाव आण्यास हिंदुस्थानांत आलें. परंतु अमेरिकेंत रे जॉन्सन नांवाच्या चित्रकारानें मित्रांस टपालानें चित्रें पाठवून, त्यांत भर घालून पुढें धाडा, असें सांगण्याची चाल पाडली, हें मला नातीनें सांगितलें. तींतून 'टपालकला' असा एक प्रकारच जगभर पसरला. तीं चित्रें विकत नाहींत, कोणी त्यांची परीक्षा घेत नाहीं. पाठवावें आणि उत्तराची वाट पाहावी.

आपल्या वारली चित्रांचीहि गोष्ट फार वेगळी नाहीं. गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत. पुढें भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नानें हीं चित्रें १९७० नंतरच्या काळांत कागदावर उतरलीं, आणि डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांनीं तीं परदेशापर्यंत पोहोंचविलीं. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. भिंत जागची हालत नाहीं, कागद हालतो.

वृद्धानें उरलेला लगदा आम्हांस दिला. त्याचें पातळ पाणी करून नातीनें पीठ चाळण्याच्या चाळणीवर गाळलें, फडक्यावर उलटें केलें, वर पाट ठेवून दाबलें आणि सावलींत वाळविलें. दुसऱ्या दिवशीं तीन ओबडधोबड कार्डें झालीं. तिनें गेरू लावून एकावर देवी आणि रेडा काढला आणि तें माझ्यापुढें ठेवलें. "आजोबा, हें तुमच्या दादांना."

काय लिहावें हें सुचेना. चित्राखालीं देवीचें नांव घातलें, पाठीमागें 'ती. दादांस सा. न. वि. वि.' लिहिलें, आणि पुढें एवढेंच कीं जव्हारास आलों होतों, तुमचीं जुनीं पत्रें सांपडलीं, जपून ठेवलीं आहेत. शाई कागदांत पसरत होती. कार्ड पाकिटांत घालून तिकीट लावलें आणि जव्हारच्या टपालपेटींत टाकलें. पेटींत तें पडल्याचा आवाज ऐकूं आला, तेव्हां तें परत घेतां आलें असतें तर बरें, असेंहि क्षणभर वाटलें.

नाशिकास आल्यावर रोज टपालवाल्याची वाट पाहूं लागलों. विसाव्या दिवशीं कार्ड आलें. अक्षर कांपरें झालें होतें, पण ओळी पूर्वींसारख्याच सरळ. घराचा उल्लेख नव्हता.

"चि. भाऊस अनेक आशीर्वाद. कार्ड पोहोंचलें. चि. नातीचें चित्र उत्तम. 'महिषासुरमर्दिनी' यांत 'दि' ऱ्हस्व, तूं दीर्घ काढला आहेस. गुरुजींनीं काय म्हटलें असतें? माझे डोळे अधू झाले आहेत, तरी पत्रें लिहीत जावें. हा कागद कसा करतात?"

कृति मीं परत टपालानें कळविली आहे. चैत्रांत नातीला घेऊन दादांकडे जावयाचें ठरलें आहे. चाळणी आमच्याबरोबरच आहे. रद्दी त्यांच्या माळ्यावर पुष्कळ असेल.