अंगणाखालची माती

अंगणाला छप्पर नसते, म्हणून घराच्या हिशेबात ते बहुधा धरले जात नाही. घर किती खोल्यांचे, असे विचारले तर कोणी अंगण मोजून सांगत नाही. तथापि विदर्भातील गावांत दिवसाचा मोठा भाग अंगणातच सरतो. उन्हाळ्याच्या रात्री खाटा तेथेच पडतात, पापड-कुरड्या तेथेच वाळतात, सांजवात तेथेच तुळशीपाशी लागते आणि घरी आलेला माणूस प्रथम उभा राहतो तोही अंगणातच. पूर्वी ही अंगणे शेणाने सारवीत. सारवण उकलले की पुन्हा सारवायचे; बिघाडही घरचा आणि दुरुस्त करणारे हातही घरचेच. पुढे शहाबादी फरशी आली. कर्नाटकातील शहाबादच्या खाणींवरून तिला हे नाव मिळाले. त्यानंतर सिमेंटचे, साच्यात घातलेले, लाल-करड्या रंगांचे गट्टू आले. बाजारात त्यांना पेव्हर ब्लॉक म्हणतात. ते बसविणे हे घरच्या हातांचे काम नव्हे. त्याला ठेकेदार लागतो. अशा रीतीने अंगणाची निगा घरातून बाहेर गेली आणि ‘हे असे का झाले?’ असा जाब दुसऱ्या कोणाला तरी विचारण्याची वेळ प्रथमच आली.

वर्धा जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेवर ही वेळ आली. तिच्या घरासमोर सहाशे चौरस फुटांचे अंगण होते. त्यातली माती काळी, कापसाची. पावसाळ्याचे चार महिने तेथे चिखल होई. घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई होत्या. त्या वॉकरच्या आधाराने चालत. वॉकरचे पाय चिखलात रुतत, त्यामुळे ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत सासूबाई दाराशी बसून तुळशीकडे नुसत्या पाहत असत. गट्टू बसविण्याचा विचार शोभेसाठी झालेला नव्हता. दारापासून तुळशीपर्यंतची वीस पावले त्या वृद्ध स्त्रीला बारा महिने चालता यावीत, एवढाच त्यामागे हेतू होता. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून शिक्षिकेने त्यासाठी पैसे काढले.

ठेकेदार गावातलाच होता. एवढेच नव्हे, तर चौथीपर्यंत तो याच बाईंच्या वर्गात शिकला होता. त्याने अंगण पावलांनी मोजले आणि चौरस फुटाला पंचाहत्तर रुपये दर सांगितला. एकूण पंचेचाळीस हजार झाले. बाईंनी कागद करण्याविषयी विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “कागद कशाला, बाई? तुमच्या हातची छडी खाल्लेला माणूस आहे मी.” ज्या हातांनी त्याला पहिले अक्षर गिरवायला लावले होते, त्या हातांनाही त्यावर कागद पुढे करणे जड गेले. वीस हजार धनादेशाने आणि वीस हजार रोख असे दोन हप्ते दिले गेले. पाच हजार राहिले. २०२२ च्या वैशाखात पाच दिवसांत काम उरकले. अंगण इतके देखणे दिसू लागले की शेजारच्या आळीतील माणसे मुद्दाम पाहून गेली.

पाऊस सुरू झाला आणि दीड महिन्यात फाटकाजवळची जागा खचली. तुळशीवृंदावनाभोवतीचे गट्टू उलट वर उचलले गेले. मधल्या भागात पाणी साचू लागले. ते गटाराकडे न जाता घराच्या जोत्याकडे वळले. श्रावणात एका सकाळी वॉकरचा पाय उचललेल्या गट्टूच्या कडेत अडकला, सासूबाई पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले.

येथे क्षणभर जमिनीखाली उतरून पाहिले पाहिजे. दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन ही काळी माती बनली. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी मिळताच ते धरून ठेवतात आणि फुगतात. पाणी आटले की आकसतात. उन्हाळ्यात शेतांना पडणाऱ्या भेगांत हाताचा पंजा जातो, तो याच कारणाने. कापसाला हा गुण मानवतो, कारण माती ओल धरून ठेवते. बांधकामाला मात्र तोच गुण बाधतो. जी माती दरवर्षी फुगते आणि दरवर्षी आकसते, तिच्यावर ठेवलेली वस्तू स्थिर राहील कशी? यास्तव जाणता गवंडी अशा जागी आधी काळी माती हातभर खोल काढून टाकतो. त्या जागी मुरूम भरतो; तोही एकदम नव्हे, तर थराथराने, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुम्मस करून. वाहन येणार असेल तर त्यावर गिट्टीचा थर देतो. मग इंच-दीड इंच वाळू किंवा चुरी पसरतो आणि त्यानंतरच गट्टू मांडतो. कडेचे गट्टू सरकू नयेत म्हणून चारी बाजूंनी सिमेंटची पक्की कड बांधतो. पन्नास फुटांत निदान अर्धा-एक फूट ढाळ देतो. शेवटी सांध्यांत बारीक वाळू झाडून भरतो. गट्टू किती जाड असावा आणि त्याला किती बळ असावे, यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. १५६५८ हे मानकही आहे.

या साऱ्या कामांपैकी घरमालकाला दिसते ते फक्त वरचे. पैसे ज्या कामासाठी मोजले, त्याचा मोठा भाग पुरला जातो. भिंत वाकडी असेल तर ओळंबा लावून दाखविता येते. पुरलेला मुरूम घातला की नाही, हे पाऊस पडेपर्यंत कळत नाही. ठेकेदारीतील प्रामाणिकपणाची खरी कसोटी म्हणूनच त्या न दिसणाऱ्या हातभर खोलीत लागते.

त्या अंगणाखाली मुरूम नव्हता. तालुक्याच्या ठिकाणच्या एका अभियंत्याने बाईंच्या विनंतीवरून चार ठिकाणी गट्टू उचलून पाहिले, तेव्हा वाळूचा जेमतेम इंचभर थर निघाला आणि त्याखाली तीच काळी माती, ओली आणि फुगलेली. ठेकेदाराला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “बाई, जमीनच तशी आहे. काळ्या मातीला कोण काय करणार?” रोग कठीण होता म्हणून औषध दिले नाही, असे वैद्याने सांगावे, त्यातलाच हा प्रकार होता. ती माती त्याला परकी नव्हती. तो तिच्यातच वाढला होता.

तरीही त्याला सरळ लबाड म्हणून मोकळे होणे उचित ठरणार नाही. गट्टू तो कारखान्यातून उधारीवर आणी, मजुरांची मजुरी रोजच्या रोज चुकती करी. माती काढून मुरूम भरायचा तर दर वाढवावा लागला असता आणि वाढलेला दर ऐकून गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेले असते. म्हणून या धंद्यात एक वाईट वहिवाट पडली आहे: दर पाडून काम मिळवायचे आणि कमी पडलेले पैसे जमिनीखालून वसूल करायचे. ‘एवढ्या पैशांत मुरूम बसत नाही; हवा असेल तर इतके अधिक लागतील,’ हे एक वाक्य त्याने वैशाखात उच्चारले असते, तर निर्णय बाईंचा राहिला असता. ते वाक्य गिळले गेले, दोष तेथे आहे.

पुढचे चार महिने टोलवाटोलवीत गेले. फोन केला की ‘उद्या येतो’ असे उत्तर मिळे. एकदा एक पोरगा घमेलेभर वाळू घेऊन आला आणि खचलेल्या जागी ओतून गेला. पुढच्या सरीत ती वाहून गेली. दिवाळीत ठेकेदाराने उरलेल्या पाच हजारांचा निरोप पाठविला. गावही मधे बोलू लागले. आपल्याच शाळेतले पोर आहे, बाईंनी एवढे ताणू नये, असे कोणी सुचविले. म्हातारपणी माणूस पडतेच, असेही कोणी म्हटले. लहान गावात तक्रार करणाऱ्यालाच संकोच वाटावा अशी काहीशी रीत असते. काम बिघडविणारा चौकात निःशंकपणे चहा पितो आणि ज्याचे काम बिघडले तो मात्र वाट बदलून जातो. बाईंनाही काही दिवस तसे वाटले. परंतु प्लास्टरमधला सासूबाईंचा हात रोज समोर दिसत होता.

कायदा अशा वेळी काय म्हणतो, हे त्यांनी जाणून घेतले. ग्राहक संरक्षण कायदा देशात प्रथम १९८६ मध्ये झाला. घरबांधणी हीही ‘सेवा’ आहे आणि तीत त्रुटी राहिल्यास ग्राहकाला दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ साली स्पष्ट केले. जुन्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क पडत नाही आणि वकील न देता स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विचारणाही करता येते. तोंडी करार हा करारच नव्हे, असा एक समज सर्वत्र आढळतो. १८७२ चा करार कायदा तसे म्हणत नाही. तोंडी करारही बांधील असतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना.

बाईंनी पुरावे जमवायला घेतले. बँकेच्या पुस्तकात धनादेशाची नोंद होती. ‘बाई, काम झाले, दुसरा हप्ता द्या,’ असा ठेकेदाराचाच संदेश फोनमध्ये तारखेसह शिल्लक होता. नातीने पावसात काढलेली छायाचित्रे होती, अभियंत्याचा लेखी अभिप्राय होता. हे सारे जोडून त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये स्वहस्ते एक नोटीस लिहिली. तीत अपशब्द नव्हता, आठवणींचा उल्लेख नव्हता, छडीचाही नव्हता. कोठे किती गट्टू खचले, कोठे किती उचलले गेले, पाणी कोणत्या दिशेने वाहते आणि महिन्याभरात काम नीट करून न दिल्यास जिल्हा आयोगाकडे तक्रार केली जाईल, एवढेच होते. नोटीस पोचपावतीसह टपालाने गेली. पोस्टमनने ती चौकातच दिली.

त्याच संध्याकाळी ठेकेदार अंगणात येऊन उभा राहिला. “बाई, गावातल्या गावात पोस्टानं कळवायचं होतं का? हाक मारली असती तर आलो नसतो का?”

“अकरा वेळा हाक मारली, बाळा,” बाई म्हणाल्या. “पोस्टाने एकदाच कळवलं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खाली बसून त्याने तुळशीजवळचा एक गट्टू हातानेच उचलला. तो सहज निघाला.

तडजोड झाली ती दोन बैठकांत. मजुरी, फुटलेले गट्टू आणि पुन्हा बसविण्याचा सारा खर्च ठेकेदाराने सोसायचा. मुरमाची किंमत बाईंनी द्यायची. नातेवाइकांना हे पटले नाही. मुरूमही त्यानेच भरून द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. बाईंचे उत्तर असे की, तेव्हा मुरूम घातला असता तर त्याचे पैसे आपल्यालाच पडले असते; जे तेव्हा द्यावे लागले असते ते आता दिल्याने आपले नुकसान नाही. आयोगापुढे कदाचित याहून अधिक मिळाले असते. सासूबाईंच्या दुखण्याची भरपाई या तडजोडीत आली नाही, ही तिची उणी बाजू म्हटली पाहिजे. मात्र पुढचा पावसाळा चार महिन्यांवर आला होता आणि बाईंना निकालापेक्षा अंगण आधी हवे होते.

या खेपेस कागद झाला. माती किती खोल काढायची, मुरमाचे थर किती, ढाळ कोणीकडे, कड कशी, हे एका पानात लिहिले गेले आणि दोघांनी सह्या केल्या. उरलेले पाच हजार एक पावसाळा गेल्यावर द्यायचे ठरले. सहाशे चौरस फुटांवर फूटभर मुरूम म्हणजे सहा ब्रास. दाबल्यावर तो बसतो म्हणून सात ब्रास मागवायचा, हे गणित बाईंनी पाटीवर मांडून दाखविले. काम चालू असताना त्या रोज खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक थरावर पाणी पडल्याशिवाय पुढचा थर पडू देत नसत. मजूर त्यांना मुकादमीण म्हणू लागले.

२०२३ च्या पावसाळ्यात फाटकाजवळचा एक कोपरा बोटभर बसला. निरोप जाताच ठेकेदार दुसऱ्या दिवशी आला आणि दुपारपर्यंत तो उचलून त्याने समपातळीत केला. बाकीचे अंगण जागचे हलले नाही. पाणी गटाराकडेच गेले. दिवाळीनंतर त्याला पाच हजार मिळाले आणि त्याने पावतीवर सही केली. सासूबाईंचे मनगट थोडे वाकडे जुळले आहे. त्या तुळशीपर्यंत जातात, पण वॉकर पुढे टाकण्यापूर्वी त्याच्या पायाने समोरचा गट्टू दोनदा ठोकून पाहतात.