ताई, कडक काय आहे?

माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाचा हा पहिला प्रश्न. आणि मी आदल्या रात्री अख्खं भाषण पाठ करून आलेली! गव्हाची बियर म्हणजे काय, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल का घालतात, आयपीए कडू का लागते... सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, बाटली फिरवून फक्त दोन आकडे वाचले. टक्के आणि किंमत. ''पाच टक्क्याला एवढे पैसे?'' म्हणाला आणि नेहमीची मोठी स्ट्राँग बाटली घेऊन गेला. च्यायला!

झालं असं, की दौंडला माझ्या आतेभावाचं वाइन शॉप आहे. नावात वाइन असली तरी खपते व्हिस्कीची क्वार्टर, हे तुम्हाला सांगायला नकोच. एका सेल्समनच्या बोलण्याला भुलून दादानं क्राफ्ट बियर आणि वाइनचा एक अख्खा रॅक भरून घेतला आणि तो जागचा हलेना. ''तू पुण्यात बसून यावर पानंच्या पानं लिहितेस ना? मग ये आणि वीक,'' असं त्याचं थेट चॅलेंज. वीकेण्डला मी शिरूरला घरी असतेच. तिथून न्हावरा, चौफुला करत दौंड गाठायचं. चार शनिवार, ठरलं.

एक कबूल करते. माझं क्राफ्ट बियरचं सगळं ज्ञान पुण्याचं. २००९ मध्ये डूलालीनं पुण्यात स्वतःची बियर बनवून विकायला सुरुवात केली, पुढे इंडिपेंडन्स आली, ग्रेट स्टेट आली. आमच्या पिढीनं ऑफिसच्या पार्ट्या तिथेच केल्या. तिथे बियर समोर येते तेव्हा ती कशी प्यायची हे सांगायला वेटर असतो. दौंडच्या काउंटरवर फक्त मी. दुसऱ्या शनिवारी एक जण बाटली परत घेऊन आला. ''मॅडम, ही नासलीय. गढूळ आहे.'' गव्हाची बियर गढूळच असते, तळाशी यीस्ट बसलेलं असतं आणि ते हलकेच ढवळून घ्यायचं, हे मी विकताना सांगितलंच नव्हतं. चूक माझी. दादानं पैसे परत दिले. त्या दिवसापासून मी आधीच सांगायला लागले, ''ताकासारखी असते, निवळ शोधू नका.'' आणि गंमत म्हणजे तेवढ्या एका वाक्यावर ती बियर खपायला लागली!

रॅकचा अर्धा गोंधळ तर खुद्द दुकानातच होता. दादानं शोभेसाठी हिरव्या बाटल्या थेट दारातल्या उन्हात मांडल्या होत्या. बियरमधल्या हॉप्सना ऊन लागलं की तिला चमत्कारिक वास येतो. तपकिरी काच आणि कॅन त्यातल्या त्यात बरे. तुम्हीही घेताना हे बघा, आणि बाटलीवरची तारीखही. क्राफ्ट बियर ठेवून मुरत नाही, शिळी होते. व्हाइट वाइनचंही बहुतेक तसंच, ताजं साल उचला. आणि स्क्रूचं झाकण म्हणजे हलकी वाइन हा गैरसमज सोडून द्या. सुला तेच झाकण लावते, आणि घरी बूच काढायचं हत्यार कुणाकडे असतं?

वाइनच्या बाबतीत मात्र मला एक हुकमी पत्ता सापडला. रोटी! दौंडहून पाटसला गेलं की पुढे रोटी घाट. तुकोबांची पालखी याच घाटातून उंडवडीला जाते, त्यामुळे तालुक्यातल्या पोराटोरांनाही रोटी माहीत. पण तिथल्याच माळावर विजय मल्ल्यांच्या युनायटेड स्पिरिट्सनं फोर सीझन्सची वायनरी उभारली आणि पुढे ती ग्रोव्हर झंपाकडे गेली, हे फारच थोड्यांना ठाऊक होतं. ''आपल्या रोटीची आहे,'' म्हटलं की माणूस बाटली हातात घेतोच. तीच गत फ्राटेलीची. इटालियन नाव ऐकून लांब सरकलेला माणूस अकलूजकडची आहे म्हटल्यावर परत जवळ येतो. शिवाय २००१ च्या द्राक्ष धोरणापासून राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला करात सवलत मिळाली, म्हणून परदेशी बाटलीच्या पैशात इथली बरीच बरी वाइन येते.

पहिल्यांदा घेणाऱ्याला मी डोळे झाकून शेनिन ब्लाँ द्यायचे. किंचित गोडसर, फ्रीजमध्ये गार केलेली, आपल्या तिखटाशी भांडत नाही. मटणावर हवी असेल तर सँजोवेजे किंवा शिराझ, पण तीही उन्हाळ्यात अर्धा तास गार करून. उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा. रेल्वे कॉलनीतल्या एका आजी नाताळच्या केकसाठी पोर्ट न्यायला आल्या, तर त्यांनी मलाच दहा मिनिटं शिकवलं. आणि एकविशीच्या आतली कॉलेजची पोरं आली, की दादा हाकलून द्यायचा. त्या बाबतीत तो कडक.

घरी मात्र आईचा अबोला. माझा एक मामा दारूनं गेला. मामाच्या गावात बायकांनी बाटली आडवी करायला सह्या जमवल्या, तेव्हा आई माहेरी जाऊन दारोदार फिरली होती. निम्म्या बाईमतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद, असा तो नियम. ''लिहितेस तोवर ठीक होतं,'' एवढंच ती पहिल्या शनिवारी म्हणाली.

काय लिहिलं होतं मी? जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. आमच्या शिरूरपासून जवळच असलेल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. तो निर्णय पुढे अमलात आलाच नाही. मी तेव्हा नुकतीच लिहायला लागले होते. वाइन म्हणजे दारू नव्हे, रोज एक ग्लास हृदयाला चांगला, असा एक खुसखुशीत लेख पाडला. लोकांना जाम आवडला.

तिसऱ्या शनिवारी, दुपारच्या सामसुमीत एक बाई आल्या. पदर डोक्यावरून, जाळीच्या कडेला उभ्या. बाईमाणूस दिसलं म्हणूनच आल्या असणार. हळूच म्हणाल्या, ''वाइन औषधी असती म्हणं. मालक रोज देशी घेत्यात. त्याच्याऐवजी ही दिली तर सुटंल का?''

माझंच वाक्य ना ते. माझा लेख त्यांनी वाचला नसणार, पण तसलं लिहिणारे आम्ही कमी का होतो? पदराच्या गाठीत पैसे होते. दादा माझ्याकडे बघत होता, रॅकवर रोटीच्या पाच बाटल्या शिल्लक होत्या.

मी म्हटलं, ''नाही सुटणार मावशी. हीसुद्धा दारूच आहे.'' २०२३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं, की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला निर्धोक म्हणता येत नाही. मला ते माहीत होतं. मी त्यावर लेख लिहिला नव्हता, इतकंच. कागदावर 'मुक्तांगण, येरवडा' लिहून दिलं. १९८६ पासून तिथे व्यसन सोडवण्याचंच काम चालतं, घरच्यांशीही बोलतात, असं सांगितलं. रोज पिणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता एकदम बंद केली तर त्रास होऊ शकतो, हेही. त्यांनी कागदाची घडी घालून पैशांच्याच गाठीत बांधली आणि गेल्या. दादा काही बोलला नाही. थोड्या वेळानं चहा मागवला.

चौथ्या शनिवारी रॅक बऱ्यापैकी रिकामा झाला. दोन आयपीए राहिल्या, त्या कडूच लागतात लोकांना, माझा नाइलाज आहे. रात्री घरी आले तर आईनं ताट वाढून ठेवलेलं. तिला त्या बाईंचं मी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, तेव्हा ती काहीच बोलली नव्हती. आता भाकरी टाकता टाकता तिनं विचारलं, ''ती परत आली होती का गं?''

''नाही,'' मी म्हटलं.

''दादाला सांगून ठेव. आली तर तिचा नंबर घेऊन ठेवायला सांग.''