ढगांपलीकडची उल्कावृष्टी

ऑगस्ट महिन्यात रात्री आभाळ पाहावयास बसणे हा आमच्या खानापूर तालुक्यात वेडेपणाच समजला जातो. मलप्रभेचा उगम जेथे होतो त्या कणकुंबीकडून पावसाळी वारे सुटले, की कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही. तेथे ताऱ्यांची काय कथा! आणि नेमक्या याच दिवसांत, १२ व १३ ऑगस्टच्या सुमारास, वर्षातील एक मोठी उल्कावृष्टी होत असते.

युरोपातील भाविक लोक तिला ‘संत लॉरेन्सचे अश्रू’ म्हणत आले आहेत. डीकन लॉरेन्स हे इ. स. २५८ मध्ये रोम येथे रक्तसाक्षी झाले. त्यांचा सण १० ऑगस्टला येतो, आणि त्याच सुमारास आकाशातून हे तेजाचे थेंब ओघळतात, म्हणून हे नाव पडले.

आपल्याकडील कित्येक घरांत मात्र तुटता तारा दिसला की कोणाचा तरी प्राण गेला, असे समजतात. एरवी अशा समजुतीकडे आम्ही लक्ष दिले नसते. परंतु गेल्या वर्षी जुलैत आमचे वडील बंधू वारले. सांत्वनास आलेल्या एका वृद्ध बाईंनी ही गोष्ट सहज बोलून टाकली, आणि आमच्या दहा वर्षांच्या पुतणीने ती मनात धरली. चार दिवसांनी तिने आम्हांला विचारले, “काका, बाबा गेले त्या रात्री तर पाऊस कोसळत होता. मग त्यांचा तारा कोणालाच दिसला नाही का?”

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मुलीला उगी करण्याने भागणार नव्हते. तिला खरे उत्तर हवे होते.

आम्ही तिला सांगितले, की उल्का म्हणजे तारा नव्हेच. १८६२ मध्ये स्विफ्ट व टटल या दोघा अमेरिकनांना एक धूमकेतू आढळला. तो सूर्याभोवती सुमारे १३३ वर्षांत एक प्रदक्षिणा करतो व वाटेत धूळ सांडत जातो. शियापरेली या इटालियन ज्योतिर्विदाने १८६६ मध्ये दाखवून दिले, की ऑगस्टातील उल्का त्याच वाटेवरून येतात. पृथ्वी दरवर्षी त्या धुळीतून जाते. वाळूच्या दाण्याएवढे कण सेकंदाला सुमारे ५९ किलोमीटर वेगाने हवेत शिरतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर पेटून नाहीसे होतात. मनुष्याचा आत्मा देवाच्या हाती असतो. तो धुळीच्या कणाला बांधलेला नसतो.

“आणि ढग?” तिने विचारले. पावसाचे ढग कितीही उंच चढले तरी पंधरा-सोळा किलोमीटरांच्या फारसे पलीकडे जात नाहीत. उल्का त्यांच्याही पुष्कळ वर पेटते. आपल्याला दिसो वा न दिसो, वर्षाव चालूच असतो. १९४७ साली इंग्लंडातील जॉड्रेल बँक येथील शास्त्रज्ञांनी रडारच्या साहाय्याने भरदिवसा होणाऱ्या उल्कावृष्टीही हुडकून काढल्या, हे ऐकून तिला मोठे नवल वाटले.

तथापि ऐकणे वेगळे आणि पाहणे वेगळे. ११ ऑगस्टपासून तीन रात्री आम्ही सर्व पडवीत कांबळी पांघरून बसलो. पहिली रात्र झिमझिमीत गेली. दुसऱ्या रात्री ईशान्येस जरा उघडीप दिसली, ययाती तारकासमूह ओळखू येतो न येतो तोच ढग पुन्हा मिटले. तिसऱ्या रात्री पहाटे तीननंतर कौलांवरचा पाऊस थांबला, आणि घटकाभर आभाळ मोकळे झाले. तेवढ्यात दोन उल्का दिसल्या. दुसरी तर शेताच्या बांधापर्यंत पांढरी रेघ ओढून गेली. पुतणी आमचा हात घट्ट धरून होती. पण घरात पळाली नाही.

डिसेंबरात आम्ही पुन्हा बसलो. १३ व १४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीतून होणारी उल्कावृष्टी आपल्याला अधिक सोयीची असते, कारण तेव्हा आपले आकाश बहुधा निरभ्र असते आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास मिथुन जवळजवळ डोक्यावर येते. तिचा उगम फेथॉन या १९८३ मध्ये सापडलेल्या लघुग्रहाशी जोडला जातो. त्या रात्री पुतणीने एका तासात एकतीस उल्का मोजल्या. अकरावीनंतर ती हळूच म्हणाली, “इतकी माणसे काही आपल्या गावात मेली नाहीत.” आणि वहिनी, बंधूंच्या मृत्यूनंतर प्रथमच, मोकळेपणाने हसल्या.

वाचकबंधुभगिनींनो, यासाठी दुर्बीण लागत नाही. चंद्रप्रकाश नसलेली रात्र पाहावी, दिवे मालवावेत, चटईवर उताणे पडावे आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास अर्धा तास द्यावा. ढग आलेच तर लगेच उठू नये. उघडीप केव्हा होईल हे कोणी सांगू शकत नाही. मात्र लेकरांना सोबत घ्यावे. त्यांच्या मनात कोणती भीती दडून बसली आहे, ते दिवसा विचारून कळत नाही. अंधारात शेजारी पडल्यावर ती आपण होऊन बोलतात.