अर्धा राहिलेला पाठ

रॅप हा शब्द कानीं पडतांच आमच्या वयाच्या पुष्कळ सद्गृहस्थांच्या कपाळास आठ्या पडतात. त्या पडण्यास कारण नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. त्या रचनांत शिव्या असतात, पिस्तुलें असतात, पैशाची बढाई असते. हें सारें घरांतील लहानांच्या कानीं जावें असें कोणासहि वाटणार नाहीं. परंतु ज्याचीं पस्तीस वर्षें मुलांस वृत्तें शिकविण्यांत गेलीं, त्याच्या कानास शब्द कळण्यापूर्वीं ठेका कळतो, आणि एकदां ठेका कळला म्हणजे नुसती नाकें मुरडून भागत नाहीं. आमची नात रेमी मा या अमेरिकन स्त्री-रॅपरच्या रचना ऐकत असते. प्रथम दाराआडून व मग तिच्याजवळ बसून त्या आम्हीं ऐकिल्या, तेव्हां आमची हीच गत झाली.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस ब्राँक्स नांवाचा भाग आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं तेथील एका इमारतींत नाचगाण्याचा जलसा झाला, तोच हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. त्याच ब्राँक्समधील कॅसल हिल या गरिबांच्या वस्तींत रेमी वाढली. जन्म १९८० चा. मूळ नांव रेमिनिस स्मिथ. रेमिनिस म्हणजे स्मरण करणें. पुढील हकीकत वाचल्यावर हें नांव वाचकांस अन्वर्थक वाटेल. विशी गांठण्यापूर्वींच तिच्या रचना बिग पन याच्या कानीं पडल्या, आणि त्यानें तिला आपल्याजवळ घेतलें.

हा बिग पन म्हणजे ख्रिस्तोफर रिओस, वंशानें पोर्तोरिकन. १९९८ सालीं त्याचा ‘कॅपिटल पनिशमेंट’ हा संग्रह निघाला व दहा लाखांचा पल्ला ओलांडून गेला. लॅटिन वंशाच्या कोणा एकट्या रॅपरला हें यश पूर्वीं मिळालें नव्हतें. आम्हांस त्या लाखांचें फारसें कौतुक नाहीं. कौतुक आहे तें त्याच्या कारागिरीचें. सामान्य रॅपर ओळीच्या अंतीं यमक साधतो. हा गृहस्थ ओळीच्या पोटांतच चार-पांच यमकें व अनुप्रास दाटून भरतो आणि मग शेवटाकडे वळतो, तेंहि जणूं मध्यें श्वास न घेतां. यतीस जागाच उरत नाहीं. आणि देह कसा? मरणसमयीं त्याचें वजन ६९८ पौंड, म्हणजे सुमारें ३१६ किलो होतें. एवढ्या देहास जिना चढतांना धाप लागत असली पाहिजे. चालत्या ठेक्यावर मात्र ती कोठें ऐकूं येत नाहीं. श्वास कोठें चोरावा ही विद्या कीर्तनकारास ठाऊक असते, शाहिरास असते. या माणसाजवळ ती विलक्षण होती.

७ फेब्रुवारी २००० रोजीं हृदय बंद पडून तो वारला. वय अवघें २८. रेमी तेव्हां १९ वर्षांची होती. दोन महिन्यांनीं, ४ एप्रिल रोजीं, त्याचा ‘येऽऽ बेबी’ हा संग्रह त्याच्या पश्चात् प्रसिद्ध झाला आणि त्यांत दोन ठिकाणीं रेमीचा आवाज आहे. शिष्येची जगास ओळख झाली ती अशी, गुरु गेल्यावर आणि गुरूच्याच संग्रहांत.

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही सतरा वर्षांचे असतांना गांवांतील एका वृद्ध शास्त्रीबोवांकडे रघुवंश वाचीत होतों. आठवा सर्ग चालू होता. त्यांत इंदुमती मरते आणि अज विलाप करतो. तेथें शिष्या जाते व शिकविणारा मागें राहतो. आमच्या बाबतींत उलट झालें. आषाढांत गुरुजी दोन दिवसांच्या तापानें गेले. पोथी होती, मल्लिनाथाची टीका होती, कोश होता; उरलेले सर्ग आम्हीं एकट्यानें वाचले आणि अर्थहि लागला. पण गुरुजी डोळे मिटून ऐकत व गुडघ्यावर बोटानें ताल धरीत. आमचा पदच्छेद चुकला कीं तें बोट थांबे. रागावणें नाहीं, बोलणें नाहीं, नुसतें बोट थांबे. तें थांबणें मल्लिनाथांत कोठून मिळणार? आम्हांस चुकलेलें कळेना असें नव्हे. चुकण्यापूर्वीं जें एक भय असे, तें गेलें.

रेमीपाशीं तिच्या गुरूच्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्या हव्या तितक्या वेळां ऐकाव्या. परंतु ध्वनिमुद्रिकेंतला गुरु बोलतो, ऐकत नाहीं.

पुढें पनला प्रसिद्धीस आणणारा त्याचा मित्र फॅट जो यानें तिला आपल्या ‘टेरर स्क्वॉड’ या मेळ्यांत घेतलें. (या मंडळींचीं नांवें वाचून हसूं येतें, पण आपल्याकडील तमासगिरांचीं नांवें परक्यास कशीं वाटत असतील कोण जाणे.) २००४ सालीं त्या मेळ्याची ‘लीन बॅक’ ही रचना अमेरिकेच्या बिलबोर्ड यादींत तीन आठवडे पहिली राहिली. रेमीचा स्वतःचा पहिला संग्रह निघाला तो ७ फेब्रुवारी २००६ रोजीं. ती लोकें तिथि पाळीत नाहींत, तारीख पाळतात; म्हणजे गुरूस जाऊन बरोबर सहा वर्षें झालीं त्या दिवशीं. हें योजून केलें कीं बाजाराच्या सोयीनें तो मंगळवार आला, याचा निर्णय आम्ही करीत नाहीं. नात म्हणते, योजूनच.

नंतरचें सांगणें आम्हांस जड जातें, पण गाळतां येत नाहीं. जुलै १९०० नव्हे, अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, जुलै २००७ मध्यें, न्यूयॉर्कमध्यें पैशांच्या वादावरून एका ओळखीच्या स्त्रीवर गोळी झाडली गेली. ती स्त्री वांचली. २००८ सालीं ज्यूरीनें रेमीस दोषी ठरविलें आणि आठ वर्षांची शिक्षा झाली. गुरु असता तर हें घडतें ना, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तें पटत नाहीं. ज्यास स्वतःच्या ताटावर ताबा ठेवतां आला नाहीं, तो दुसऱ्याच्या क्रोधावर कोठला ठेवणार? त्यानें विद्या दिली ती शब्दांची. संयमाचा धडा त्याच्याजवळच नव्हता, आणि शिष्येच्या अपराधाचें माप मृताच्या पदरीं घालणें बरें नव्हे.

ऑगस्ट २०१४ मध्यें ती सुटली. वय ३४, तिच्या धंद्यांत सहा वर्षें म्हणजे एक युगच. २०१६ सालीं फॅट जोबरोबरची तिची ‘ऑल द वे अप’ ही रचना गाजली व ग्रॅमी पारितोषिकांसाठीं तिला दोन नामांकनें मिळालीं. आम्हीं नातीकडून २००४ ची व २०१६ ची अशा दोन्ही रचना पाठोपाठ लावून घेतल्या. गुरूचा दाटपणा हिनें उचलला नाहीं. ही शब्द सुटे, ठसठशीत टाकते, जणूं दगड ठेवीत जाते. अनुकरण शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. पण श्वास? तो दोन्हींत कोठें ऐकूं आला नाहीं.

ब्राँक्समधील एका चौकास २०२१ सालीं बिग पनचें नांव देण्यांत आलें. रेमीनें अलीकडे ‘क्रोम २३’ या नांवानें स्त्री-रॅपरांचे सामने भरविण्यास आरंभ केला आहे. आपल्या कलगी-तुऱ्याप्रमाणें दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींस शब्दांनीं जिंकूं पाहतात. नातीनें त्यांतील एक सामना आम्हांस दाखविला. इंग्रजी निम्मेंहि कळलें नाहीं. एका मुलीचा श्वास ओळीच्या मध्येंच तुटला, तेवढें कळलें.